गुडघ्याचं ऑपरेशन, ‘हाय रिस्क’चा शेरा आणि आईला विचारायचं राहिलेलं

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आई ७१ वर्षांची, कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. दोन्ही गुडघे कामातून गेलेत. हाडांचे डॉक्टर सांधा बदलायला तयार आहेत. पण टू-डी इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३० टक्के निघालं, किडनीचं क्रिएटिनिन वाढून २.१ झालंय, दोन खोल्या चाललं तरी दम लागतो. भूलतज्ज्ञांनी फिटनेसच्या कागदावर ‘हाय रिस्क’ असा शेरा मारला आणि सांगितलं, “तारीख घेण्याआधी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटून या. आईंची इच्छा काय आहे ते लिहून ठेवा.” तेव्हापासून घरात रडारड चालू आहे. पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो, डॉक्टरनं हात वर केले. ताईंना विचारायचंय की डॉक्टरांनी आशा सोडली आहे का, आईसमोर हा विषय काढायचा का, आणि कागद केला तर उद्या उपचार थांबवतील का.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि आता निम्मं काम पॅलिएटिव्हचंच करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

ताई, आधी भावाच्या शंकेचं बघू. हात वर करणारा डॉक्टर पॅलिएटिव्हकडे पाठवत नाही, तो “पुण्याला न्या” म्हणतो. तुमच्या भूलतज्ज्ञांनी कटकटीचं आणि वेळखाऊ काम अंगावर घेतलंय. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, दम, झोप, भूक, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांच्याकडे नीट लक्ष देणं. ती बाकीच्या उपचारांसोबत चालते, ते संपल्यावर सुरू होत नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ज्यांना सुरुवातीपासून केमोसोबत ही सेवा मिळाली, त्यांचा त्रास कमी होताच, शिवाय ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२३ मध्ये तिकडचेच दोन अभ्यास आले, कॅन्सरचं मोठं ऑपरेशन होणाऱ्या रुग्णांवरचे. त्यांत पॅलिएटिव्ह टीमच्या भेटींनी रुग्णांच्या तब्येतीत किंवा समाधानात मोजता येईल असा फरक पडला नाही. म्हणून ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला माझ्याकडे पाठवा, असं मी म्हणणार नाही. धडधाकट माणसाच्या हर्नियाला याची काही गरज नाही. तुमच्या आईंची गोष्ट वेगळी आहे. त्यांचं हृदय थकलंय, किडनी थकलीय, आणि वर्षानुवर्षं तंबाखूच्या धुळीत बसून फुप्फुसं कशी झाली असतील ते वेगळं सांगायला नको. ऑपरेशन होवो न होवो, या तीन दुखण्यांसाठी कोणीतरी त्यांच्याशी बसून बोलायलाच हवं होतं. गुडघा हे फक्त निमित्त झालं.

‘हाय रिस्क’ ऐकलं की लोकांना वाटतं, भूल दिली आणि माणूस टेबलावरच गेला. असं क्वचित होतं. सांधेबदलानंतर जीव जाण्याचं प्रमाण एरवी एक टक्क्यापेक्षा बरंच कमी आहे. तुमच्या आईंचा धोका त्याहून पुष्कळ जास्त असला, तरी तो टेबलावर कमी आणि पुढच्या आठवड्यात जास्त आहे. सलाईन थोडं जास्त झालं तर फुप्फुसात पाणी साचतं. कमी झालं तर किडनी बसते. दुखतंय म्हणून खोल श्वास घेतला जात नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. या वयात दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमही होऊ शकतो, माणूस बडबडायला लागतो, सलाईनची नळी ओढून काढतो. “कमरेत इंजेक्शन देऊन करा ना, मग धोका नाही,” हे मी रोज ऐकते. पाठीतल्या भुलीचे फायदे आहेत, पण तिनंही बीपी उतरतं, आणि ऑपरेशननंतरचे हे सगळे दिवस त्यातही यायचेच असतात. या घसरणीत नक्की कुठल्या टप्प्यावर काय करायचं, हे ज्यांना विचारायचं त्या आई तेव्हा शुद्धीवर असतीलच असं नाही. म्हणून विचारायचं ते आत्ता.

आणि विचारायचं आईंना. घरोघरी घोळ होतो तो इथेच. आमच्याकडे मुलं पुढे खुर्चीवर बसतात, आई मागे बाकावर. मी आईंना प्रश्न विचारते आणि उत्तर मुलाकडून येतं.

अशाच गुडघ्याच्या एक आजी आल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, पाय बरा झाला तर काय काय करायचं?” मुलगा म्हणाला, “तिरुपतीला न्यायचंय तिला.” त्याला थांबवलं आणि परत विचारलं. आजी सुनेकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलल्या. सून हसली. “म्हणतात, खाली मांडी घालून बसायचंय. सूप मांडीवर घेऊन पानं कापायची आहेत. खुर्चीवर बसून विडी होत नाही म्हणतात.” खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही, कारण सांधा बदलल्यावर नेमकं तेच करू नका म्हणून सांगतात. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली बसायचा संडास वापरायचा नाही. सर्जननी हे सांगितलंही होतं. पण त्या ऑपरेशन कशासाठी करून घेतायत हे कोणी विचारलं नव्हतं. त्या आजींनी ऑपरेशन करून घेतलं नाही. दुसऱ्या एका बाईंना हेच सगळं सांगितलं, त्यांनी केलं. त्यांना एवढंच हवं होतं की रात्री सुनेला न उठवता संडासपर्यंत आपल्या पायांनी जाता यावं. दोघींनाही चुकीचा सल्ला मिळाला असं मला वाटत नाही.

तुमच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर हे बोलणं त्याच भाषेत करा. आई बाजारात फर्डं मराठी बोलत असतील, पण मरणाबद्दल माणूस आपल्या घरच्या बोलीतच बोलतो. दुभाषा म्हणून मुलाला बसवू नका. मुलं गाळून सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तुमच्या वॉर्डातली एखादी तेलुगू बोलणारी सिस्टर यासाठी जास्त बरी.

विषय कसा काढायचा? “आई, तू मेलीस तर,” अशी सुरुवात कोणीच करत नाही आणि करूही नये. आधी विचारा, डॉक्टरांनी तुला काय सांगितलं, तुला काय समजलं? बहुतेक वेळा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त समजलेलं असतं. शेजारणीचं, नणंदेचं बघून त्यांनी मनाशी काही ठरवूनही ठेवलेलं असतं. मग विचारा, कशाची भीती वाटते? पुष्कळ आजी मरणाचं नाव घेत नाहीत. “अंथरुणात पडून राहीन,” म्हणतात, “पोरांवर भार होईन,” म्हणतात. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा आहे: कशी अवस्था झाली तर तुला तसं जगणं नको वाटेल? कोणी म्हणतं, माणसं ओळखता आली तर बाकी काहीही चालेल, मशीनवर ठेवा. कोणी म्हणतं, दुसऱ्यानं धुवायची वेळ आली तर नको. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. एका बैठकीत सगळं होईल असं समजू नका. चहा पिताना निम्मं होतं, उरलेलं चार दिवसांनी त्या स्वतःच काढतात. आणि “तुम्ही म्हणाल तसं” असं आईंनी सांगितलं, तर तेही उत्तरच आहे. मग विचारायचं, तुम्ही म्हणजे कोण?

अपशकुनाचं म्हणाल तर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वराला नारळ फोडायला जाणारी माणसं धोका ओळखूनच जातात. विषय घरात आलेलाच असतो, फक्त त्यावर कोणी बोलत नाही.

माझा सगळा आग्रह एका गोष्टीसाठी आहे: आईंच्या वतीनं बोलणारा माणूस आईंच्या तोंडून ठरला पाहिजे, आणि तो सगळ्यांसमोर ठरला पाहिजे. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आयसीयूच्या दाराशी काय होतं ते सांगते. तीन दिवस जागलेली मुलगी बाहेर सतरंजीवर बसलेली असते. डॉक्टर तिला सांगतात, किडनी साथ देत नाही, श्वासाची नळी लांबेल असं दिसतंय. ती म्हणते, आईला असं पडून राहणं आवडायचं नाही. रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याचा भाऊ उतरतो, महिनाभरात त्यानं आईला पाहिलेलं नसतं, आणि तो म्हणतो, “काहीही करा, पैशाचं बघू नका.” तो वाईट नसतो. अपराधीपणा त्याला तसं बोलायला लावतो. पुढचे दहा दिवस आई व्हेंटिलेटरवर राहते, दागिने मोडले जातात, आणि शेवटी थकून घरचे स्वखुशीनं नेत असल्याची सही करतात. अँब्युलन्समध्ये हातानं फुगा दाबत आईला घरी नेतात, उंबरठ्यावर नळी काढतात. तिथे दम थांबवायला मॉर्फिन नसतं, सिस्टर नसते, काहीच नसतं. आपल्या जिल्ह्यात किती माणसं अशा पद्धतीनं घरी परतली आहेत, हे इथल्या कुठल्याही आयसीयूवाल्याला विचारा. हे टाळायचं असेल तर भावाला आत्ताच व्हिडिओ कॉलवर घ्या आणि आईंनाच बोलू द्या: “माझं काही झालं तर मोठी सांगेल तसं करा.” वाक्य एवढंच, पण ते त्यानं कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे.

सर्जन आणि भूलतज्ज्ञांना एकत्र बसवता आलं तर टक्केवारी विचारू नका. टक्के ऐकून कोणाला काही कळत नाही. त्यांना म्हणा, ऑपरेशन केलं तर चांगल्यात चांगलं काय होईल, वाईटात वाईट काय होईल, आणि तुम्हाला स्वतःला काय होईलसं वाटतं, ते तीन कहाण्यांसारखं सांगा. मग हेच तीन प्रश्न ऑपरेशन न करण्याबद्दल विचारा. दुसरा भाग लोक विसरतात. आईंच्या बाबतीत ऑपरेशन न करणं म्हणजे काहीच न करणं नाही.

आयसीयूबद्दल मी घरच्यांना एक मधला रस्ता सुचवते. “व्हेंटिलेटर लावायचा की नाही” हा प्रश्न फार ठोकळ आहे. ऑपरेशननंतर दोन दिवस मशीन लागणं आणि महिनाभर मशीनवर राहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधीच ठरवायचं: गरज पडली तर सगळं करा, पण चार-पाच दिवसांनी परत बसू. लघवी सुटली का, मशीनचा आधार कमी होतोय का, आई डोळे उघडून ओळखते का, हे बघू. सुधारणा असेल तर पुढे जाऊ, नसेल तर नवीन मशीन, डायलिसिस वाढवायचं नाही आणि आरामाकडे वळायचं. हे फाइलमध्ये लिहिलेलं असेल तर रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरलाही दिशा कळते.

आता कागद. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय सूचनांना मान्यता दिली. मूळ पद्धत इतकी किचकट होती की कोणी तिच्या वाटेला जाईना, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागायचं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती सोपी केली. आता सज्ञान, शुद्धीतल्या माणसानं स्वतःच्या मर्जीनं लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो बाहेरचे असावेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यायचं. आपल्या वतीनं संमती देणाऱ्या माणसांची नावं त्यात घालायची, एकापेक्षा जास्तही चालतात. प्रत त्या माणसांना आणि फॅमिली डॉक्टरांना द्यायची, एक प्रत महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर आपल्या राज्यात असे अधिकारी नेमले गेले. तुमच्या हद्दीत ते कोण, हे महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून जा, नाहीतर चार टेबलं फिरवतील. मन बदललं तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. त्यात घर-जागेचं एक अक्षरही नसतं, तेव्हा त्या वादातलं माणूस साक्षीला बसवू नका.

तुमची खरी भीती, म्हणजे कागद आहे म्हणून उपचार थांबवतील. नाही थांबवत. हा कागद कामाला येतो तो दोन गोष्टी एकत्र आल्यावरच: दुखणं बरं होण्याची आशा उरलेली नाही, आणि माणूस स्वतः सांगू शकत नाही. तेव्हाही एकटा डॉक्टर ठरवू शकत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, नाव दिलेल्या माणसांची संमती घ्यायची, आणि अंमल करण्याआधी रुग्णालयानं न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. कागद नसेल तरी हाच रस्ता आहे, फक्त मग सगळा भार नातेवाइकांच्या सहीवर येतो. सुई टोचून कोणाला मारणं हा आपल्याकडे गुन्हाच आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

छाती दाबण्याबद्दलही विचारतील. आधीपासून “हृदय थांबलं तर दाबू नका” असं ठरलेलं असेल, तर ऑपरेशनआधी ते पुन्हा बोलून घ्यावं लागतं. थिएटरमध्ये हृदय थांबलं तर कारण बहुतेक वेळा समोर असतं, औषध हातात असतं, आणि वॉर्डापेक्षा तिथे माणूस परतण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्यामुळे काही जण तेवढ्या काळापुरती ती सूचना बाजूला ठेवतात आणि पुन्हा केव्हा लागू होईल ते लिहितात. काही जण काही उपाय चालतील, काही नाही असं सांगतात. भूलतज्ज्ञांनी न विचारता गृहीत धरू नये, एवढंच.

पैशाचा विषय आईंसमोर काढायला लाज वाटते, पण काढा. सरकारी योजनेत काय बसतं आणि आयसीयू लांबला तर काय बसत नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्या. मात्र आई “माझ्यावर खर्च करू नका” म्हणाल्या, तर ते त्यांना जगायचं नाही म्हणून आहे की सुनेच्या तोंडाकडे बघून आहे, हे एकटीनं बसून विचारा. खर्चाच्या दडपणाखाली लिहिलेला कागद मी तरी मान्य करत नाही.

शेवटी माझं मत विचारलंच आहे तर सांगते. गुडघ्याचं ऑपरेशन थांबू शकतं, त्यामुळे आज तारीख घेऊ नका. हृदयाच्या डॉक्टरांकडून औषधं नीट बसवून घ्या. तीनेक महिन्यांत पंपिंग काही जणांचं सुधारतं, आणि सुधारलं तर धोक्याचं गणितच बदलतं. हिमोग्लोबिन बघा. मिश्री आणि तंबाखू आजपासून बंद. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून घेत असतील, आणि घेत असणारच, तर त्या आधी थांबवा. त्या गोळ्यांनी किडनी जाते, अंगात पाणी साचतं, आणि तुम्हाला वाटतं की दम वयामुळे लागतोय. त्याऐवजी पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्यात इंजेक्शन, गुडघ्याच्या नसा सुन्न करण्याचा उपाय, यातलं काय जमतं ते पॅलिएटिव्हचे किंवा वेदनातज्ज्ञ बघतील. किडनी अशी असताना जास्त ताकदीची औषधंही मोजूनमापून द्यावी लागतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून काही सुरू करू नका. ऑपरेशन उत्तम झालं तरी साधारण पाचातल्या एकाचं दुखणं काही ना काही राहतंच, हेही आईंना सांगा.

हे सगळं केल्यावर आई म्हणाल्या, “तरी मला करून घ्यायचंय,” तर करून घ्या. जोखीम पत्करायचा हक्क त्यांचा आहे. अशा वेळी फाइलमध्ये ईसीजीच्या वर एक पान लावा: आईंच्या वतीनं कोण बोलणार, त्या माणसाचा आणि भावाचा फोन नंबर, आईंना काय चालेल, काय चालणार नाही, आणि आयसीयू लागला तर परत कितव्या दिवशी बसायचं. त्याची एक झेरॉक्स भूलतज्ज्ञांच्या हातात द्या, कारण मूळ फाइल नेमकी लागेल तेव्हा एक्स-रेच्या खिडकीवर अडकलेली असते.